भारतातील बँकांचे संगणकीकरण

बँकांचे हिशेब शाखेतल्या हाताने लिहायच्या खातेवह्यांतून यंत्रावर आणि पुढे सर्व शाखांच्या मिळून एका मध्यवर्ती संगणकावर नेण्याची प्रक्रिया. भारतात तिचा मुख्य काळ १९८३ ते २०१० असा धरता येतो. संघटनेतील बदल, कारभारावरील नियंत्रण आणि माहिती तंत्रज्ञान यांचा परस्परसंबंध अभ्यासायला एवढे मोठे आणि एवढे लांबलेले दुसरे भारतीय उदाहरण सापडणे कठीण. या विषयावरचे लेखन बहुधा सोयींची जंत्री देऊन थांबते : एटीएम, कुठल्याही शाखेत व्यवहार, मोबाइलवरून पैसे. खरा बदल काउंटरच्या आत झाला. खाते शाखेचे होते ते बँकेचे झाले आणि खात्यापाठोपाठ शाखेचे अधिकारही वर गेले. ते ज्यांच्या हाती पोचले त्यांच्यावर नजर ठेवणारे नियम मात्र दर वेळी मागाहून आले.

पूर्वस्थिती : बचत खात्यातून पैसे काढायला आलेल्या ग्राहकाला स्लिप दिल्यावर पितळी टोकन मिळे. लेजर क्लार्क जाडजूड खातेवहीतले त्याचे पान काढी, शिल्लक पाही, रक्कम नावे टाकून नवी शिल्लक लिही. अधिकारी सही ताडून व्हाउचर ‘पास’ करी आणि मगच रोखपाल टोकनाचा नंबर पुकारी. दिवसाअखेर व्हाउचरे जुळवायची, ठरावीक मुदतीने सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरशी मिळवायची. ती न मिळणे, म्हणजे ‘फरक येणे’, नित्याचेच होते. बॅलन्सिंग कित्येक महिने मागे पडलेल्या शाखा अपवाद नव्हत्या, आणि जिथे बॅलन्सिंग तुंबलेले तिथे अफरातफर खपून जायला जागा असे.

बचत खात्यावरील व्याजाचा जुना नियम या हातहिशेबाच्या सोयीने ठरलेला होता. महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंत खात्यात जी किमान शिल्लक असेल तिच्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळे. महिनाभर २०,००० रुपये ठेवून ३० तारखेला १५,००० काढले, तर व्याज फक्त ५,००० रुपयांवर : साडेतीन टक्के दराने साडेचौदा रुपये. रोजच्या शिलकेवर हिशेब केला असता तर याच खात्याला सुमारे ५६ रुपये मिळाले असते. प्रत्येक खात्याची रोजची शिल्लक हाताने मांडणे अशक्य होते, ही सबब तेव्हा रास्त होती. पण संगणक आल्यानंतरही नियम बरीच वर्षे तसाच राहिला. शेवटी रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१० पासून दैनंदिन शिलकेवर व्याज सुरू झाले. यंत्राचा फायदा ठेवीदाराच्या पदरात आपोआप पडला नाही, तो हुकूम काढून पाडावा लागला.

विरोध आणि करार : कार्यालयात संगणक आणण्याला देशात पहिला मोठा विरोध बँकांत नव्हे तर आयुर्विमा महामंडळात झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या इलाको हाउसमध्ये संगणक बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दीर्घ लढा दिला. नोकऱ्या जाण्याची भीती हे त्यामागचे कारण होते आणि ती निराधार म्हणता येत नाही. या प्रश्नावर केंद्र सरकारने पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा आहे.

बँकांत तोडगा निघाला तो करारांच्या वाटेने. इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला, त्यानंतर १९८७ आणि १९९३ मध्ये पुढचे. यंत्रे किती, कोणत्या कामासाठी, त्यावर बसणाऱ्याला कोणता खास भत्ता, हे वाटाघाटींतून ठरले. समांतरपणे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये शाखा, विभागीय कार्यालय आणि मुख्यालय अशा तीन पातळ्यांवर यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. त्यांच्याच दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला. शाखांत प्रथम आलेल्या यंत्राला ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणत. तो वस्तुतः संगणकच होता, पण ‘लेजर पोस्टिंग मशीन’ म्हटले की करारात बसत असे. संप आणि घोषणा लोकांच्या लक्षात राहिल्या आहेत, त्यामुळे संघटनांनी संगणक अडवला असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक त्यांनी तो हप्त्याहप्त्याने आणि दर ठरवून आत घेतला. याची एक किंमतही पडली. एकेक शाखा, एकेक काउंटर सुटेसुटे यंत्रावर आल्याने जुनी लेजरची मांडणीच जशीच्या तशी पडद्यावर उतरली आणि कामाची फेररचना दहा-पंधरा वर्षे लांबली.

करारांनी जे हळूहळू चालू होते त्याला वेग दिला घोटाळ्याने. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँक रिसीट (रोख्याऐवजी दिली जाणारी पावती) आणि रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातली सरकारी रोख्यांची हाताने ठेवलेली खाती यांच्यातली फट वापरली गेली. रोखा प्रत्यक्षात कोणाच्या नावावर आहे हे वेळेवर कळत नव्हते. चौकशीसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जानकीरामन समितीने ताळमेळाचा अभाव पानोपानी नोंदवला. त्यानंतर सराफ समिती (१९९४) आणि वासुदेवन समिती (१९९९) यांनी देयक व्यवस्था व तंत्रज्ञानाच्या शिफारशी केल्या, हैदराबादला १९९६ मध्ये बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था निघाली आणि १९९९ मध्ये बँकांचे सामाईक उपग्रह जाळे ‘इन्फिनेट’ सुरू झाले. सरकारी बँकांना खरी निकड लावली ती वेगळ्याच दारातून. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी १९९८ मध्ये आदेश दिला की १ जानेवारी २००१ पूर्वी ७० टक्के व्यवसाय संगणकावर आला पाहिजे. भ्रष्टाचाराला आळा घालणाऱ्या यंत्रणेने संगणकाची मुदत ठरवावी, हे उदाहरण वेगळेच म्हणावे लागेल.

शाखेकडून केंद्राकडे : ७० टक्क्यांची अट शाखानिहाय संगणकांनीही पुरी होत होती. शाखेचा सर्व्हर शाखेतच, त्याची चावी व्यवस्थापकाकडे. दुसऱ्या शाखेतला ग्राहक आला तर अजून फोन किंवा टपालच. १९९३ च्या परवाना धोरणानंतर निघालेल्या खासगी बँकांना हा जुना बोजा नव्हता. त्या आरंभापासून किंवा लवकरच केंद्रीय प्रणालीवर चालल्या, आणि सरकारी बँकांना त्यांच्यामागे धावावे लागले. ‘कोअर बँकिंग’ म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच केंद्रात. त्यासाठीचे मोठे सॉफ्टवेअर भारतातच तयार झाले हेही लक्षणीय : इन्फोसिसचे फिनॅकल, आणि सिटीकॉर्पच्या मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपनीतून वाढलेल्या आय-फ्लेक्सचे फ्लेक्सक्यूब. स्टेट बँकेने २००२ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या (टीसीएस) हाती काम सोपवले. सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियाच्या एफएनएस या कंपनीचे होते, जी टीसीएसने २००५ मध्ये विकतच घेतली. सुमारे दहा हजार शाखा जोडून २००८ मध्ये हे काम संपले. स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्र नवी मुंबईत, बेलापूरला आहे.

अमेरिकेतील लेव्हिट आणि व्हिस्लर यांनी १९५८ मध्येच हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत भाकीत केले होते की माहिती तंत्रज्ञानामुळे नियोजनाचे आणि निर्णयाचे काम मधल्या थराकडून वर सरकेल आणि मोठ्या संस्था पुन्हा केंद्रीकृत होतील. पुढची अनेक वर्षे हे भाकीत फसले असे मानणारे बरेच होते. भारतीय बँकेच्या शाखा व्यवस्थापकाकडे पाहिले तर ते शब्दशः खरे ठरले. पूर्वी ओळखीच्या व्यापाऱ्याचा चेक शिल्लक नसतानाही स्वतःच्या जबाबदारीवर पास करणारा, गावातली कर्जे माणूस पाहून देणारा हा अधिकारी होता. आता मर्यादा प्रणालीत बांधलेली असते, ती ओलांडली की नोंद वर दिसते. गृहकर्जाचे अर्ज शाखेत फक्त स्वीकारले जातात, छाननी होते ती शहरातल्या केंद्रीय प्रक्रिया कक्षात. शाखेचे रूपांतर हळूहळू विक्रीच्या दुकानात झाले. यात मनमानी घटली, तशी माणसाची पारखही निकालात निघाली. सहकारी बँकांत ती अजून काही प्रमाणात टिकून आहे, आणि त्याचे गुणदोष दोन्ही महाराष्ट्राने पाहिले आहेत.

अमेरिकी अभ्यासक शोशाना झुबॉफ यांचे १९८८ चे संशोधन याच विषयाचे. संगणक काम तर करतोच, शिवाय कामाविषयी माहितीही निर्माण करतो आणि ती कोणाला दिसणार यावरून संस्थेतली सत्ता ठरते, असे त्यांचे म्हणणे. अर्थतज्ज्ञ ऑटर, लेव्ही आणि मर्नेन यांनी एका मोठ्या अमेरिकी बँकेतल्या दोन मजल्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. चेकच्या प्रतिमांचे तेच तंत्रज्ञान खालच्या मजल्यावर कारकुनांची जागा घेते, वरच्या मजल्यावर मात्र तुकड्यातुकड्यांत वाटलेले काम एकेका कर्मचाऱ्याकडे सलग येते आणि अधिक कौशल्याचे होते. फरक व्यवस्थापनाच्या निर्णयाचा. भारतात हा निर्णय बहुतांशी स्वेच्छानिवृत्तीच्या रूपाने आला : २०००-०१ मध्ये सुमारे एक लाख कर्मचारी सरकारी बँकांतून बाहेर पडले. त्यांत जुन्या लेजरचे खाचाखळगे जाणणारी, फरक शोधण्यात मुरलेली पिढी होती.

तंत्रज्ञान संघटनेच्या आराखड्यावरही कुरघोडी करते, याचा पुरावा ३० ऑगस्ट २०१९ रोजी मिळाला. सरकारी बँकांच्या विलीनीकरणाच्या जोड्या जाहीर करताना समान कोअर बँकिंग प्रणाली हे एक कारण सांगितले गेले. पंजाब नॅशनल, ओरिएंटल आणि युनायटेड या तिन्ही फिनॅकलवर, कॅनरा आणि सिंडिकेट आय-फ्लेक्सवर, इंडियन आणि अलाहाबाद बँक टीसीएसच्या प्रणालीवर. कोणत्या बँकेने कोणाशी संसार थाटायचा, हे काही अंशी पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअर खरेदीने ठरले होते.

नियंत्रण : हिशेब एका जागी आले की तपासणीही सोपी होईल, अशी अपेक्षा होती. २०१८ आणि २०१९ मधल्या तीन प्रकरणांनी तिच्या मर्यादा दाखवल्या. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतून भारतीय बँकांच्या परदेशी शाखांना हमीपत्रे गेली ती ‘स्विफ्ट’ या संदेशजाळ्यावरून. पण हे जाळे कोअर बँकिंगला जोडलेले नसल्याने बँकेच्या पुस्तकात त्यांची नोंदच झाली नाही. आधी ११,४०० कोटींच्या आसपास सांगितलेला आकडा पुढे वाढला. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, ही ‘मेकर-चेकर’ पद्धत कागदावर होती. स्विफ्टच्या गैरवापराच्या धोक्याविषयी ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या काळात हल्ला झाला. एटीएम आणि कोअर बँकिंग यांच्यामध्ये बनावट दुवा घालून २८ देशांतून पैसे काढले गेले, आणि स्विफ्टवरूनही हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण ९४ कोटींहून अधिक. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह (पीएमसी) बँकेत (२०१९) तर बाहेरच्या कोणाची गरजच पडली नाही. एका गृहबांधणी समूहाची बुडीत कर्जे लपवायला रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली. ती कोअर बँकिंगमध्ये नव्हतीच. तिन्ही प्रकरणांत दोन प्रणालींमधला सांधा, किंवा प्रणाली आणि अहवाल यांच्यातला सांधा, मोकळा राहिला होता. १९९२ ची फट कागदी होती, एवढाच फरक.

नियम टप्प्याटप्प्याने आले. गोपालकृष्ण कार्यगटाच्या २०११ च्या अहवालाने माहिती तंत्रज्ञान हा विषय तांत्रिक विभागातून काढून संचालक मंडळापुढे ठेवला. जून २०१६ मध्ये सायबर सुरक्षेची चौकट आली. सहकारी बँकांसाठी डिसेंबर २०१९ मध्ये डिजिटल सेवांची व्याप्ती आणि देयक व्यवस्थेशी असलेली जोडणी पाहून चार पातळ्यांची वेगळी चौकट आखली गेली. नोव्हेंबर २०२३ चे सर्वंकष निर्देश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. दंडापलीकडची कारवाईही रिझर्व्ह बँकेने सुरू केली : वारंवार बंद पडणाऱ्या सेवांमुळे डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेची नवी डिजिटल उत्पादने आणि नवी क्रेडिट कार्डे थांबवली, एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर त्याच धर्तीचे निर्बंध घातले.

छोट्या बँकांचा प्रश्न निराळा आहे. त्यांच्याकडे स्वतःचे केंद्रच नसते, संपूर्ण प्रणाली बाहेरच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या टीसीएस व स्टेट बँकेच्या संयुक्त कंपनीच्या काही यंत्रणेवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला, तेव्हा राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून तिला तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे सहकारी व ग्रामीण बँकांच्या खातेदारांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार एकाच वेळी अडले. यांतल्या सहकारी बँकांची संचालक मंडळे निवडून येतात सभासदांमधून, ग्राहक तक्रार घेऊन जातो शाखेत, आणि सर्व्हर असतो तिसऱ्याच गावी, तिसऱ्याच कंपनीच्या ताब्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार काम बाहेर सोपवले तरी जबाबदारी बँकेचीच.