हरवलेल्या कलेचा शोध

प्रकाशांत प्रकाश मिळविला असतां अंधार उत्पन्न होऊं शकतो, हें विधान चमत्कारिक वाटेल. परंतु टॉमस यंग यानें १८०१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें जें तत्त्व मांडलें, त्याचा मथितार्थ हाच होय. एकाच उगमापासून निघालेला प्रकाश दोन वाटांनीं येऊन पुन्हां एकत्र झाला, म्हणजे कोठें लाटेवर लाट चढते, तर कोठें एकीच्या शिखरावर दुसरीचा खळगा येतो. आणि पडद्यावर उजेडाचे व काळोखाचे पट्टे आळीपाळीनें उमटतात. यासच व्यतिकरण म्हणतात.

या पट्ट्यांत दोन गोष्टी वाचावयाच्या असतात. काळे पट्टे किती काळे आहेत, हा त्यांचा ठळकपणा. आणि ते नेमके कोठें पडले आहेत, ही त्यांची कला. ठळकपणावरून प्रकाश देणाऱ्या वस्तूचा विस्तार कळतो. पण तिची उजवी बाजू अधिक तेजस्वी कीं डावी, हें कलेवांचून कळत नाहीं.

हा भेद प्रथम स्पष्टपणें दाखविला तो लॉर्ड रॅले यांनीं. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन हे त्या वेळीं पट्ट्यांचा ठळकपणा मोजून वर्णपटांतील रेषांची अंतर्रचना शोधीत होते. १८९२ सालीं रॅले यांनीं मायकेलसन यांना लिहिलेल्या पत्रांत असें निदर्शनास आणिलें कीं, केवळ ठळकपणावरून एकच एक उत्तर निघत नाहीं. रचना दोन्ही बाजूंस सारखी आहे असें गृहीत धरलें तरच तें निघतें. अर्थात् अर्धें उत्तर निसर्गाचें, आणि अर्धें आपल्या गृहीताचें!

पुढें १९२० च्या डिसेंबरांत माउंट विल्सन येथील १०० इंची दुर्बिणीवर २० फुटांची तुळई बसवून मायकेलसन व पीझ यांनीं काक्षीचा, म्हणजे आपल्या पंचांगांतील आर्द्रेच्या ताऱ्याचा, व्यास मोजला. आरशांमधील अंतर १२१ इंच होतांच पट्टे नाहींसे झाले. त्यावरून व्यास ०·०४७ विकला ठरला. विजय मोठा, पण तो ठळकपणाचाच. कलेला हात घालणें शक्यच नव्हतें. ज्या हवेमुळें तारे लुकलुकतात, तीच प्रत्येक आरशावरील लाटेस निरनिराळा विलंब लावी, आणि पट्टे सारखे थरथरत. छायाचित्र दीर्घ काळ घ्यावें तर पट्टे एकमेकांत मिसळून पुसले जात. क्षणार्धांत घ्यावें तर प्रकाश इतका तुटपुंजा कीं पट्टा ओळखणें कठीण.

ही कोंडी फोडण्याची युक्ति सांपडली ती रेडिओलहरींच्या अभ्यासांत. जॉड्रेल बँक येथील रॉजर जेनिसन यानें ती १९५८ सालीं प्रसिद्ध केली. दोहोंऐवजीं तीन ग्राहक घ्यावे. त्यांच्या पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा व तिसरा-पहिला अशा तीन जोड्या होतात. प्रत्येक जोडीची कला मोजावी आणि तिन्हींची बेरीज करावी. पहिल्या ग्राहकाची चूक एका जोडींत अधिक म्हणून शिरते व दुसरींत उणी म्हणून. इतर दोघांचेंही तसेंच. त्रिकोणाची प्रदक्षिणा पुरी होतांच चुका परस्परांस छेदतात, आणि उरतें तें केवळ उगमाचें सत्य.

१९८६ सालीं केंब्रिजच्या बाल्डविन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हीच बेरीज ताऱ्यांच्या दृश्य प्रकाशावर मोजून दाखविली. ती हवेच्या खोडीपासून मुक्त असल्यामुळें असंख्य क्षणचित्रांची सरासरी काढतां येते, आणि तुटपुंज्या प्रकाशामुळें येणारी अनिश्चितता त्या सरासरींत क्षीण होत जाते. १९९५ सालीं केंब्रिज येथेंच निरनिराळ्या दुर्बिणींचा प्रकाश जुळवून ब्रह्महृदयाचीं दोन चित्रें घेण्यांत आलीं. एकच दिसणाऱ्या त्या ठिपक्यांतील दोन तारे तेथें वेगळे झाले, आणि पंधरवड्याच्या अवधींत त्यांनीं बदललेल्या जागाही त्यांत उमटल्या.

अर्थात् या युक्तीची किंमत द्यावी लागतेच. तीन दुर्बिणींच्या तीन कलांपैकीं हातीं येते ती एकच बेरीज. दहा दुर्बिणी असल्या तर जोड्या ४५ होतात आणि स्वतंत्र बेरजा ३६. संख्या वाढेल तसा तोटा कमी. शिवाय उगम आकाशांत नेमका कोठें आहे, हें या बेरजेंतून मुळींच कळत नाहीं. कळतो तो त्याचा आकार.

तथापि रॅले यांनीं दाखविलेली उणीव यामुळें पुष्कळशी भरून निघाली. हवा कोणासही थांबवितां आली नाहीं. तिची चूक किती, हेंही कोणी मोजलें नाहीं. जें वाक्य उच्चारलें असतां तिचा गोंगाट आपोआप मौन धरील, असें वाक्य तेवढें शोधून काढलें. गोंगाटाहून मोठ्यानें ओरडणें हा सत्य ऐकण्याचा एकच मार्ग नव्हे, हेंच या इतिहासाचें सार होय.