कामरानचे उतारू

मराठीत प्रवाशाला 'उतारू' असाही एक शब्द आहे. उतारू म्हणजे उतरणारा. आगगाडी आणि आगबोट यांच्या काळात तो सर्रास वापरात होता, आता मागे पडला. प्रवाशाची ओळख त्याच्या चालण्यावरून न ठरवता उतरण्यावरून ठरवणारा हा शब्द मराठवाड्यातून हजला निघालेल्या माणसांना जितका नेमका लागू पडतो, तितका क्वचितच दुसऱ्या कोणाला लागू पडेल. घर सोडल्यापासून मक्केपर्यंत ही माणसे सतत कुठेतरी उतरतच होती. त्यातले सर्वांत अवघड उतरणे तांबड्या समुद्रातील कामरान नावाच्या एका उजाड बेटावर होत असे.

आधी नकाशा समजून घ्यावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नांदेड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील जिल्हा होता. आजचा लातूर जिल्हा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. तो १९८२ साली निर्माण झाला. लातूर आणि औसा हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे, तर उदगीर बीदर जिल्ह्यात होते. सगळा मुलूख पठारावरचा. गोदावरी आणि मांजरा ही इथली मोठी पाणी. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि तोही दुसऱ्याच्या राज्यात, कारण हजची आगबोट सुटत असे ब्रिटिशांच्या मुंबईतून.

मुंबई गाठणे हाच पूर्वी एक स्वतंत्र प्रवास होता. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि नांदेड मनमाडमार्गे मुंबईशी जोडले गेले. लातूरला रेल्वे आली ती आणखी उशिरा. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी चिमुकली गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोहोचली. तिच्यातून कुर्डुवाडीला उतरायचे आणि तिथे मोठ्या रुळांवरची मुंबईची गाडी धरायची. म्हणजे लातूरच्या यात्रेकरूचे पहिले उतरणे कुर्डुवाडीच्या फलाटावर, दुसरे मुंबईत. तिथे मुसाफिरखान्यात बोटीची वाट पाहत दिवस काढायचे, तिकीट मिळवायचे, डॉक्टरसमोर उभे राहायचे, आणि मग बोट.

बोटीवर बहुसंख्य यात्रेकरू डेकवरचे असत. स्वतःचे अंथरूण, स्वतःची भांडी, स्वतःचा शिधा. जागा इतकी कमी, की ती माणशी किती चौरस फूट असावी यावर कायदे करावे लागले. हजचा महिना चांद्र पंचांगाचा असल्यामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो. ज्या वर्षांत प्रवास पावसाळ्यात येई, त्या वर्षी अरबी समुद्र डेकवरच्या माणसांना अक्षरशः धुऊन काढी. एडन मागे पडून बाब-अल्-मंदेबच्या सामुद्रधुनीतून बोट तांबड्या समुद्रात शिरली की आता जिद्दा जवळ आले, असे वाटणे साहजिक होते. पण त्यानंतर लवकरच बोट येमेनच्या किनाऱ्यालगत थांबत असे. समोर सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे, सपाट, झाडोरा नसलेले बेट दिसे. तेच कामरान. जिद्दा अजून कित्येक दिवस लांब.

इथे का उतरायचे, याचे उत्तर १८६५ साली सापडते. त्या वर्षीच्या हजमध्ये पटकीची भयंकर साथ आली. अंदाजे ९०,००० यात्रेकरूंपैकी १५,००० दगावले, असे आकडे त्या काळी मांडले गेले. तिथून साथ सुएझला, सुएझहून भूमध्य समुद्राच्या बंदरांत आणि मग युरोपभर पसरली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. पटकीचे घर हिंदुस्थान आणि तिचे वाहन हजची यात्रा, हे समीकरण तिथे पक्के झाले. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर युरोपची भीती वाढली. अखेर १८८२ साली ऑटोमन सरकारने कामरान बेटावर विलगीकरण केंद्र उभारले. दक्षिणेकडून, म्हणजे हिंदुस्थान, मलाया आणि जावा इकडून येणाऱ्या यात्रेकरूंच्या बोटींनी आधी इथे थांबायचे, उतारू खाली उतरवायचे, ठरलेले दिवस काढायचे आणि मगच जिद्दाकडे निघायचे, असा नियम झाला.

त्यामुळे एरवी ज्याची कोणी दखल घेतली नसती असे ते बेट हजच्या मोसमात गजबजून जाई. एकामागून एक बोटी नांगर टाकत. हजारो माणसे अशा भूमीवर उतरत, जिथे त्यांना जायचेच नव्हते.

उतरण्याची रीत अशी होती. बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी राही. डॉक्टर बोटीवर येऊन कागद पाहत, वाटेत किती मेले आणि कशाने मेले ते विचारत. मग 'संबूक' नावाच्या अरबी होड्या बोटीला भिडत आणि गाठोडी, म्हातारी माणसे, लेकरे असे सगळे त्यांत उतरवले जाई. ज्यांनी आयुष्यात गोदावरीच्या नावेपलीकडे काही पाहिले नव्हते, त्यांना हलत्या शिडीवरून हलत्या होडीत पाऊल टाकायचे होते. किनाऱ्यावर स्त्री-पुरुष वेगळे केले जात. १८९० नंतरच्या काळात तिथे वाफेची निर्जंतुक यंत्रे आली. अंगावरचे कपडे उतरवायचे, तात्पुरते एखादे वस्त्र गुंडाळायचे, स्नान करायचे. तोवर कपडे आणि अंथरुणे यंत्रात वाफवली जात. दुसऱ्या दाराने बाहेर पडल्यावर ती परत मिळत. ओली, आक्रसलेली. चामड्याच्या वस्तू वाफेने कामातून जात. त्यानंतर प्रत्येक बोटीच्या उतारूंना वेगळ्या कुंपणात ठेवले जाई, एका बोटीच्या माणसाने दुसऱ्या बोटीच्या माणसात मिसळायचे नाही. निवाऱ्याला झावळ्यांच्या झोपड्या. बोटीवर साथ नसली तर काही दिवस आणि असली तर दहा किंवा अधिक. कुंपणात नवा रुग्ण सापडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि या सगळ्याची फी यात्रेकरूंकडूनच वसूल होई.

तक्रारींचा पाऊस पडला तो इथल्या व्यवस्थेवर. खाण्याचे जिन्नस ठरावीक दुकानदारांकडूनच आणि चढ्या भावाने घ्यावे लागत. विहिरींचे पाणी मचूळ. पडदा पाळणाऱ्या स्त्रियांची तपासणी आणि त्यांचे कपडे उतरवणे हा तर सर्वांत जिव्हारी लागणारा भाग होता. पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी वेगळी सोय असे. त्यामुळे रोगाला वर्ग कळतो की काय, असा प्रश्न डेकवरच्या माणसाला पडला असेल तर तो गैर म्हणता येणार नाही.

वैद्यकाच्या दृष्टीने हा प्रकार किती उपयोगाचा होता? रॉबर्ट कॉख यांनी १८८३–८४ मध्ये इजिप्त आणि कलकत्ता येथे पटकीचा जंतू ओळखला. हा रोग मुख्यतः दूषित पाण्यातून पसरतो. म्हणजे घोंगड्या वाफवण्यापेक्षा त्या बेटावर प्यायला कोणते पाणी मिळते, हा खरा प्रश्न होता. अपुऱ्या पाण्याभोवती शेकडो माणसे दिवसचे दिवस कोंडून ठेवली, तर जो रोग थोपवायचा तोच तिथे वाढीला लागण्याचा धोका होता. पुढे समुद्राचे पाणी गाळून गोडे करणारी यंत्रे आली, पाण्याची स्थिती सुधारली. मात्र साथीचे भय खोटे होते, असे म्हणून चालणार नाही. १८६५ चे मृत्यू खरे होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि १८९७ मध्ये हिंदुस्थान सरकारला मुंबईहून जाणारी हजयात्रा स्वतःच थांबवावी लागली. संकट खरे असूनही त्याचा भार कोणाच्या अंगावर टाकायचा हे आधीच ठरलेले असू शकते. कामरानला तेच झाले.

इंग्रजांची भूमिका इथे मजेदार आहे. कामरानच्या विलगीकरणाला त्यांचा दीर्घकाळ विरोध होता, आणि यात्रेकरूंचे हाल हे कारण ते पुढे करत. हाल होत होतेच. पण सुएझमधून जाणारी बहुतेक जहाजे ब्रिटिश होती, आणि पटकी संसर्गजन्य आहे असे एकदा मान्य केले की हिंदुस्थानातून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाला अडवण्याचा हक्क इतर देशांना मिळाला असता. म्हणून हिंदुस्थानातील आरोग्य खात्याचे वरिष्ठ अधिकारी पटकीचा दोष स्थानिक हवा-पाण्याला देत राहिले. ऑटोमन सरकारलाही निव्वळ आरोग्याची चिंता नव्हती. विलगीकरणाच्या अधिकारातून त्याला तांबड्या समुद्रावरची आपली सत्ता दाखवता येत होती. कॉन्स्टँटिनोपलच्या आरोग्य मंडळात युरोपीय देशांचे प्रतिनिधी बसत. नांदेडचा उतारू या तिघांच्या ओढाताणीत सापडलेला होता, आणि त्याचे स्वतःचे सरकार निजामाचे! हैदराबाद संस्थान काही यात्रेकरूंना सरकारी खर्चाने हजला पाठवी, मक्केत संस्थानच्या प्रजेसाठी 'रुबात' म्हणजे धर्मशाळाही होत्या. पण कामरानच्या धक्क्यावर निजामाचा शब्द चालत नव्हता.

आता या कथेतला एक तपशील, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. हजला जाणारा पुरुष ठरावीक सीमेवर 'इहराम' धारण करतो. शिवलेले कपडे उतरवून दोन बिनशिवणीच्या पांढऱ्या चादरी. तिथे राजा आणि मजूर यांच्या वेषात फरक उरत नाही. हिंदुस्थानातून समुद्रमार्गे येणाऱ्यांसाठी ही सीमा 'यलमलम'च्या समोर येते, आणि यलमलम कामरानच्या पुढे, जिद्दाच्या अलीकडे आहे. म्हणजे औशाचा किंवा कंधारचा एखादा यात्रेकरू आधी कामरानला परक्याच्या हुकमाने कपडे उतरवी, रोगाचा संशयित म्हणून. काही दिवसांनी, त्याच बोटीवर, तो पुन्हा कपडे उतरवी. या वेळी स्वतःच्या इच्छेने, ज्यासाठी आयुष्यभर पैसा जमवला त्या क्षणासाठी.

या प्रदेशातील संताप १८९५ साली उफाळून आला. डॉ. अब्दुर रज्जाक हे हिंदी मुसलमान डॉक्टर. १८७८ पासून हिंदुस्थान सरकारसाठी त्यांनी यात्रेकरूंसोबत प्रवास केला, त्यांच्या हालअपेष्टांवर अहवाल लिहिले आणि पुढे जिद्दाला ब्रिटिश उपवाणिज्यदूत म्हणून काम पाहिले. मे १८९५ मध्ये जिद्दाच्या तटाबाहेर त्यांची हत्या झाली. त्याच सुमारास मक्का आणि जिद्दा येथे निर्जंतुकीकरणाची यंत्रे जमावाने फोडली. विलगीकरण म्हणजे परक्यांनी हजमध्ये घातलेला हात, अशी भावना त्यामागे होती. यात्रेकरूंच्या तक्रारी ज्यांनी कागदावर आणल्या, त्यांनाच या रागाने गाठावे, हे दुर्दैव.

कामरानहून सुटका झाली तरी उतरणे संपत नसे. जिद्दासमोर प्रवाळाचे खडक असल्यामुळे मोठी बोट दूर उभी राही आणि पुन्हा त्याच होड्या, पुन्हा तीच गाठोडी. फरक एवढाच की इथे कोणी तरी वाट पाहत असे. 'मुतव्विफ' म्हणजे यात्रेकरूंचे मार्गदर्शक आणि त्यांचे प्रतिनिधी आपापल्या मुलखाच्या माणसांना ताब्यात घेत. पंढरपूरच्या बडव्यांची किंवा त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांची पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्रजांनी कामरान घेतले. १९२६ च्या करारानुसार विलगीकरण केंद्राचा कारभार इंग्रज आणि डच मिळून पाहू लागले, कारण जावाकडचे यात्रेकरू डच सत्तेखालचे होते. ज्या व्यवस्थेला इंग्रजांनी तीस-पस्तीस वर्षे नावे ठेवली, तीच आता ते चालवत होते. हॉस्पिटल, पाणी, निवारा यांत सुधारणा झाल्या. उतरवण्याचा नियम मात्र राहिला.

एप्रिल २०२० मध्ये नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात टाळेबंदीमुळे अडकलेले हजारो शीख यात्रेकरू बसने पंजाबात परतले, तेव्हा त्यांतील अनेकांना विलगीकरणात नेण्यात आले. यात्रा, साथ आणि उतरण्याचे ठिकाण यांची ही सांगड नांदेडने अशी दुसऱ्या बाजूनेही पाहिली आहे.

१९५० च्या दशकाच्या आरंभी कामरानचे केंद्र बंद झाले. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम बदलले होते, लसी आल्या होत्या, आणि जिद्दाला सौदी सरकारने स्वतःचे विलगीकरण केंद्र बांधायला घेतले होते. १९६७ पर्यंत ते बेट एडनमधून चालवले गेले, मग दक्षिण येमेनकडे आणि १९७२ मध्ये उत्तर येमेनकडे गेले. मुंबईहून हजची बोट त्यानंतरही १९९० च्या दशकापर्यंत सुटत राहिली. आता ती कामरानजवळून न थांबता पुढे जाई, आणि डेकवरचे नांदेड-लातूरचे उतारू थेट जिद्दालाच उतरत.