दख्खनी मेंढी

दख्खनच्या पठारावरील कमी पावसाच्या प्रदेशात आढळणारी, भरड लोकरीची मेंढीची एक जात. महाराष्ट्राखेरीज कर्नाटक, तेलंगण व आंध्र प्रदेश यांच्या काही भागांतही ती पाळतात. रंग बहुधा काळा किंवा काळा-पांढरा, नाक बाकदार व कान लोंबते असून माद्यांना सहसा शिंगे नसतात. एका वेतात बहुधा एकच कोकरू होते. लोकर घोंगड्यांसाठी वापरतात.

उगम : पश्चिम आशियातील मूफ्लॉन ही रानमेंढी सु. १०,००० वर्षांपूर्वी माणसाळविण्यात आली. भारतीय मेंढ्या वायव्येकडील उरियल या रानमेंढीपासून आल्या असाव्यात, असे पूर्वी काहींचे मत होते. तथापि केवळ मातेकडून संततीत येणाऱ्या तंतुकणिका डीएनएच्या अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली नाही. यावरून पाळीव मेंढी भारतात पशुपालकांबरोबर बाहेरून आली, असे मानतात. इनामगाव (जि. पुणे) येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत (सु. इ. स. पू. १६००–७००) शेळ्यामेंढ्यांची हाडे सापडली आहेत.

आनुवंशिक विविधता : लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी हे या जातीचे स्थानिक प्रकार होत. त्यांची लेखी वंशावळ नसते. कळपासाठी मेंढा निवडताना मेंढपाळ जी पारख करतो, तीवरच प्रकाराची शुद्धता अवलंबून असते. खानदेशात धनगर व ठेलारी हे मेंढपाळ कळप घेऊन भटकतात. तापी व सातपुडा यांमधील यावल-फैजपूरसारख्या काळ्या जमिनीच्या मुलखात रिकाम्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसविण्याची पद्धत आहे. गुजरातेतील काठेवाडी पशुपालकही या प्रदेशात येत असल्याने येथे निरनिराळ्या जनावरांचा संपर्क घडतो. दख्खनी, बन्नूर (कर्नाटक) व गरोल (बंगाल) या जातींच्या तंतुकणिका डीएनएची तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा सहभाग होता. तीत या जाती परस्परांपासून स्पष्टपणे वेगळ्या आढळल्या.

संकर व जतन : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकर सुधारण्यासाठी मेरिनो व रॅम्ब्युलेट या विदेशी जातींशी संकर करण्यात आले. पुढे भरड लोकरीला भाव न उरल्याने मांसोत्पादनास महत्त्व आले आणि जत तालुक्यातील (जि. सांगली) उंच, कमी लोकरीच्या माडग्याळ मेंढ्यांना मागणी वाढली. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने गरोलमधील बहुप्रसवी जनुक दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. हाच जनुक १७९२-९३ मध्ये बंगालमधून ऑस्ट्रेलियास गेलेल्या मेंढ्यांमार्फत तेथील बुरूला मेरिनोत पोहोचला असावा, असे मानतात. त्याचे नेमके उत्परिवर्तन २००१ मध्ये ओळखले गेले. अशा नियोजित पैदाशीत मूळ जातीचे काटक गुण राखता येतात. बेसुमार संकरात मात्र मेंढ्यांची संख्या कायम राहूनही जातीचे वैशिष्ट्य नाहीसे होऊ शकते. त्यामुळे स्थानिक प्रकारांचे शुद्ध कळप मेंढपाळांकडेच टिकविणे जतनाच्या दृष्टीने आवश्यक ठरते.