शुगर आपोआप कमी येतेय? आधी किडनीची तपासणी करा

दहा-पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटची शुगर कधीकधी आपोआप उतरायला लागते. पथ्य तेच, डोस तोच, तरी सकाळचा आकडा ७०-८० च्या घरात. घरचे म्हणतात, गुण आला. कुणी त्याचं श्रेय कारल्याच्या रसाला देतं. पण सोबत पायावर सूज असेल, लघवीला फेस येत असेल, जेवण जात नसेल, तर किडनीचं काम मंदावल्याची ती खूण असू शकते.

इन्सुलिन शरीरात तयार होतं, तसंच ते सतत मोडीतही निघतं. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि साधारण निम्मं तिथंच संपतं. टोचून घेतलेल्या इन्सुलिनचा रस्ता वेगळा. ते कातडीखालून थेट सगळ्या रक्तात मिसळतं, यकृताचा पहिला टप्पा त्याला लागत नाही. म्हणून त्याची विल्हेवाट लावण्यात किडनीचा वाटा मोठा. किडनीच्या गाळणीतून इन्सुलिन सहज खाली येतं, पुढच्या बारीक नलिकांच्या पेशी ते शोषून घेतात आणि तिथंच त्याचे तुकडे होतात. लघवीत जेमतेम एक टक्का उतरतं. याच पेशी शेजारच्या रक्तवाहिन्यांतूनही इन्सुलिन ओढून घेतात.

ही दुसरी वाट असल्यामुळे बिघाड बराच काळ झाकलेला राहतो. किडनीच्या गाळण्याच्या वेगाला रिपोर्टवर ईजीएफआर म्हणतात. निरोगी तरुण माणसात तो १०० च्या आसपास असतो. तो घसरत गेला तरी नलिका बरीच भर काढतात. साधारण २० च्या खाली गेल्यावर मात्र ही भरपाई पुरत नाही, आणि इन्सुलिन रक्तात रेंगाळतं. म्हणजे काल बरोबर असलेला डोस आज जास्त होतो. त्यातच, उपाशीपोटी शरीराला लागणारी थोडी साखर किडनी स्वतः बनवते, तीही कमी पडते. उलट बाजूने, किडनी बिघडल्यावर शरीर इन्सुलिनला दाद कमी देतं. त्यामुळे काहींची शुगर खाली येण्याऐवजी वर-खाली होत राहते.

ईजीएफआर १० ते ५० मध्ये असताना इन्सुलिन सुमारे पाव हिश्श्याने आणि १० च्या खाली गेल्यावर निम्म्याने कमी करायचं, असा एक जुना ठोकताळा डॉक्टर वापरतात. तो पेशंटने घरी लावायचा नाही. मनाने इन्सुलिन बंद करणंही तितकंच घातक. गोळ्यांचंही तसंच आहे. ग्लिबेनक्लामाइड ही जुनी, स्वस्त गोळी किडनीच्या पेशंटला टाळतात, कारण तिचे अंश शरीरात साचून शुगर तासन्‌तास खाली ठेवतात. मेटफॉर्मिन ईजीएफआर ३० च्या खाली देत नाहीत, पण त्याचं कारण वेगळं: रक्तात आम्ल वाढण्याची भीती. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं तीच गोळी आणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

शुगर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, एकदम भूक. आणखी उतरली की माणूस बरळतो, चिडतो, भोवळ येते. रात्री असं झालं की घरच्यांना वाटतं वारं लागलं. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. किडनी जास्त बिघडली असेल तर नारळपाणी किंवा संत्र्याचा रस नको, त्यातलं पोटॅशियम हृदयाला त्रास देऊ शकतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. गोळीमुळे शुगर उतरली असेल तर साखर देऊन बरं वाटलं तरी दाखवून यावं, ती पुन्हा उतरते. एकादशी, नवरात्र, रोजे यांच्या आधी डोस विचारून घ्यावा.

तपासण्या साध्या आहेत: रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ईजीएफआर आणि लघवीतलं अल्ब्युमिन. मधुमेहींनी त्या वर्षातून एकदा तरी कराव्यात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी किडनीच्या पेशंटमध्ये रक्त कमी असल्याने फसवी येऊ शकते, तेव्हा ग्लुकोमीटरवरचे रोजचे आकडे वहीत लिहिलेले बरे.

किडनी बदलल्यानंतर चित्र पुन्हा उलटतं. नवी किडनी इन्सुलिन मोडू लागते, सोबतच्या स्टेरॉइडने शुगर चढते, आणि कमी झालेले युनिट परत वाढवावे लागतात.