पोचलेल्याने मागे फिरावे

आषाढी वारीचा शेवटचा दिवस कोणता, असे विचारले तर बहुतेक जण एकादशी म्हणतील. चालीपुरते बोलायचे तर तो मान दशमीचा. दशमीला वाटचाल संपते. एकादशी चंद्रभागेच्या स्नानाची, नगरप्रदक्षिणेची आणि दर्शनाची. पुढे पौर्णिमेला गोपाळपुरी काला झाल्यावाचून वारी पुरी झाली असे आपण मानीत नाही. या दशमीविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत, आणि तेही आपल्या बीड जिल्ह्याच्या वाटेवर उभे राहून.

आपला जिल्हा भाग्याचा. तापीकाठच्या मुक्ताईची पालखी गेवराईवरून बीडला येते, माळीवेशीत मुक्काम करते आणि पाली, चौसाळ्याच्या वाटेने बालाघाट चढून पुढे जाते. पैठणहून निघालेले नाथ महाराज रायमोहा, पाटोदा या वाटेने जातात. शेगावची श्रीगजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाईकडून येते. जिल्ह्याच्या तिन्ही अंगांनी संत चालत जातात. पेरणी उरकलेला, किंवा पावसाची वाट पाहत तिफण तशीच टेकवून ठेवलेला शेतकरी यांतल्या कुठल्या तरी दिंडीत मिसळतो. कार्तिकापासून कारखान्याच्या उसात राबलेली आणि पाडव्याच्या सुमारास गावी परतलेली आपली माणसे त्यांत पुष्कळ असतात. चालणे त्यांना नवे नाही. पोटासाठी ती वर्षभर चालतात, हे चालणे मात्र त्यांच्या स्वतःचे.

आता वाटेचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आळंदी आणि देहूच्या पालख्या पश्चिमेकडून, वाखरीवरून पंढरीत शिरतात. वाखरी त्यांच्या वाटेवरच आहे. आपल्या मुक्ताईची वाट तशी नाही. ती भूम, माढ्याकडून उतरते. म्हणून जवळपास महिनाभराची चाल करून ती दशमीच्या आधीच पंढरपुरात येते. कळस दिसला, चंद्रभागा दिसली, पाय विसावले. लौकिकाच्या हिशोबाने तिची वाट संपली.

पण ती संपत नाही. दशमीला मुक्ताई पुन्हा निघते आणि पंढरपूर पाठीशी टाकून वाखरीला जाते. कशासाठी? निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपानकाका हे भाऊ येत असतात, त्यांच्या भेटीसाठी. नामदेवराय तर पंढरीचेच. त्यांना कुठून यायचे नव्हतेच, तरी तेही त्या दिवशी वेशीबाहेर वाखरीपर्यंत सामोरे जातात. मग सगळे संत मिळून गावाकडे वळतात. सर्वांत शेवटी माउली, त्यांच्या पुढे तुकोबाराय, त्यांच्या पुढे नाथ महाराज. ज्यांना आपण माउली म्हणतो त्यांचे स्थान सर्वांच्या मागे. लेकरे पुढे गेली की नाही हे पाहत आई मागून येते, असा मी तरी त्याचा अर्थ लावतो.

या दिवसामागे इतिहासही आहे. पायी वारी ज्ञानोबारायांच्याही आधीची, त्यांच्या घराण्यात चालत आलेली. पालखीचा सोहळा पुढचा. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 च्या सुमारास पालखी सुरू केली. तुकोबांच्या पादुका घेऊन ते आळंदीला जात, तेथून ज्ञानोबांच्या पादुका घेत आणि एकाच पालखीतून दोन्ही संत पंढरीला जात. पुढे शिंद्यांच्या पदरी असलेले आरफळचे हैबतबाबा यांनी 1832 च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा केला आणि त्याला शिस्त लावून दिली. दोन पालख्या झाल्या, वाटा दोन झाल्या. पण दशमीला त्या पुन्हा एका वाटेवर येतात. वेगळे होणे घडून गेले, भेटणे मात्र नेमाने ठेवले. म्हणून मी म्हणतो की दशमी हा पोचण्याचा दिवस नव्हे, भेटण्याचा दिवस आहे.

2020 साली याचा कस लागला. साथीमुळे पायी वारी झाली नाही. महाराष्ट्राचे पाय घरात बसले. 30 जूनला, दशमीच्या दिवशी, संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून मोजक्या माणसांबरोबर पंढरीला आल्या. चाल सुटली, पण सर्वांनी एकाच दिवशी एकत्र यायचे हा नेम सुटला नाही. कशावाचून भागते आणि कशावाचून भागत नाही, हे त्या वर्षाने शिकवले.

माउलींनो, हे सांगण्याचे कारण आहे. अलीकडे शेवटच्या दिवशी घाई फार दिसते. कळस जवळ आला की तरुण पोरे पुढे पळतात. दर्शनाची बारी लवकर धरायची, खोली गाठायची, गाडी पकडायची. महिनाभर ज्या म्हातारीच्या डोक्यावरचे तुळशीवृंदावन पाहत चाललो, ती शेवटच्या दोन कोसांत एकटी मागे पडते. टाच फुटलेली, गुडघा सुजलेला, गर्दीत दिंडीचे निशाण दिसेनासे झालेले. वीस दिवसांत तिला जी भीती वाटली नाही, ती त्या दोन तासांत वाटते. आणि पुढे गेलेला सांगतो, माझी वारी पूर्ण झाली.

पुरी कशी झाली म्हणावी? आमच्या दिंडीत जुन्या विणेकऱ्यांनी घालून दिलेला दंडक होता. दशमीला सर्वांत हळू चालणारे माणूस विणेकऱ्याशेजारी चालायचे, आणि त्याच्या पावलाने सगळी दिंडी चालायची. टाळाचा ठेकाही त्या पावलाशी जुळवायचा. पोचायला उशीर होई. पण मुक्कामी मोजणी केली की माणसे पुरी भरत.

तुमच्या दिंडीत असा दंडक नसेल तर यंदा घाला. कुणी आधी पोचलाच, तर त्याने पाय धुऊन आडवे होऊ नये. पाण्याचा तांब्या घ्यावा आणि आपल्या मागच्या माणसांना सामोरे जावे. हे काही माझे नवे सांगणे नाही. आपल्या जिल्ह्यातून चालत जाणारी मुक्ताई दर वर्षी हेच करून दाखवते. भावंडांत सर्वांत धाकटी ती. आधी पोचते, आणि पंढरीकडे पाठ करून मागच्यांकडे निघते. त्या दिवशी तिच्या पालखीबरोबर वाखरीकडे चालणाऱ्याची विठ्ठलाकडे पाठ झाली, असे कोण म्हणेल?