गांजा : सरकारी दप्तरातील एका पिकाची कहाणी

बेळगावच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले बेळगुंदी हे भात आणि रताळी पिकविणारे गाव होय. राकसकोपचा जलाशय त्याच्या शेजारी आहे. येथून निपाणीच्या दिशेने जावे तसतसा पावसाचा जोर ओसरतो, तांबडी माती मागे पडून काळी जमीन लागते आणि भाताची जागा तंबाखू घेते. पिकांचा हा पालट निसर्गाने घडविला. परंतु कोणते पीक शेतात राहील आणि कोणते जाईल, हे एकटा निसर्ग ठरवीत नाही. कर आणि कायदा यांचाही त्यात मोठा वाटा असतो. मुंबई इलाख्यातील गांज्याची कहाणी हेच सांगते.

गांज्याचे झाड दिवसाच्या लांबीला जागणारे आहे. दिवस मोठे असेपर्यंत ते वाढते आणि लहान होऊ लागले की फुलावर येते. विषुववृत्ताजवळ वर्षभर दिवस सुमारे बारा तासांचाच असतो. तेथे झाडाला ऋतूची ही खूण जवळजवळ मिळतच नाही. शिवाय बारमाही दमट हवेत फुलांच्या दाट तुऱ्यांना बुरशीचे भय असते. दख्खनवर मात्र पावसाळ्यात वाढलेले पीक शरद ऋतूत फुलते आणि कोरड्या थंडीत पक्व होते. म्हणूनच मुसळधार पावसाच्या घाटमाथ्यापेक्षा कोरडा देश त्याला मानवला. इलाख्यात या पिकासाठी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) विशेष प्रसिद्ध होते; खानदेश व सातारा या भागांतही त्याची लागवड होत असे. फुलांत बी धरू नये म्हणून नरझाडे वेळीच उपटून टाकावी लागत. बंगालमध्ये राजशाहीकडील नौगाव भागात या पारखीसाठी स्वतंत्र जाणकार माणूस नेमण्याची रीत होती.

जुनी पाने चाळणाऱ्या वाचकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई गॅझेटिअरचा एकविसावा खंड बेळगाव जिल्ह्याचा असून तो १८८४ साली प्रसिद्ध झाला. या मालेत ‘हेंप’ हा शब्द आला म्हणजे गांजाच, असे मुळीच नाही. ताग आणि अंबाडी या दोराच्या पिकांनाही इंग्रज अधिकारी याच नावाने ओळखत. ही तिन्ही झाडे वेगवेगळ्या कुळांतील आहेत. याच कॅम्बेलसाहेबांनी पुढे भांगेच्या धार्मिक स्थानाविषयी एक टिपण लिहिले आणि ते हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालास जोडले गेले.

हे कमिशन नेमले जाण्याचे कारण विलायतेत घडले. मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते डब्ल्यू. एस. केन यांनी मार्च १८९३ मध्ये पार्लमेंटात गांज्याचा प्रश्न उपस्थित केला. त्याच वर्षी मॅक्वर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचे कमिशन नेमण्यात आले. त्यात तीन हिंदी सभासद होते. कमिशनने १,१९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ साली अहवाल सादर केला. वेड्यांच्या इस्पितळांतील ‘गांज्यामुळे वेड’ अशा नोंदी तपासता त्यांतील अनेक निराधार आढळल्या. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक ठरते, असा कमिशनचा निष्कर्ष होता. सरसकट बंदी अनावश्यक मानून त्याने परवाना, सरकारी देखरेखीचे कोठार आणि कर यांचा मार्ग सुचविला. अर्थात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे पीक आधीच सरकारी नजरेखाली आणलेले होते. शेतकरी पिकवील ते खरे, पण ते विकायचे कोणाला, हे दप्तर ठरवू लागले.

निपाणीच्या तंबाखूलाही हाच अनुभव आला. १९४३ साली तंबाखूवर अबकारी कर बसला आणि शेतकऱ्याच्या उंबरठ्याशी सरकारी नोंदवही आली. १९७९ साली कच्च्या तंबाखूवरील कर उठला, पण भावाचा प्रश्न सुटला नाही. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीस शेतकऱ्यांनी महामार्ग अडविला. त्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले.

गांज्याची वाट वेगळी झाली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने त्याच्याभोवतीचा पाश आवळला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने वैद्यकीय कारणाखेरीजचा वापर ठरावीक मुदतीत बंद करण्याचे बंधन घातले. १९८५ साली देशभर लागू झालेल्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले. नुसती पाने आणि बिया मात्र व्याख्येबाहेर राहिल्याने भांग वाचली. ज्या लागवडीसाठी एके काळी परवाना मिळत असे, तिच्यासाठी आता दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. २०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने या वनस्पतीला सर्वाधिक कडक यादीतून वगळले, तेव्हा भारताने अनुकूल मत दिले. तरी देशातील कायदा कायम राहिला.

तंबाखूही निरुपद्रवी नाही, हे आता सर्वमान्य आहे. तरीही एक पान बाजारात राहिले आणि दुसरे गुन्ह्यात जमा झाले. हा निवाडा होताना मळ्यात राबणाऱ्याचे मत क्वचितच विचारले गेले. कमिशनच्या जाड खंडांत त्याच्या कष्टांचा तपशील सापडतो. तो वाचल्यावाचून या पिकाविषयी बरे-वाईट मत बनवू नये, हेच उचित.