मराठी ध्वनिमुद्रिका-संग्रह

मराठी ध्वनिमुद्रिका-संग्रह म्हणजे विसाव्या शतकातील मराठी संगीताच्या तबकड्या, ध्वनिफिती आणि कॅसेटी जमवणे, त्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवणे व त्या ऐकण्यायोग्य स्थितीत जतन करणे ही प्रामुख्याने हौशी रसिकांनी चालवलेली परंपरा होय. कंपन्यांनी विक्रीसाठी काढलेल्या मुद्रिकांबरोबरच खाजगी मैफलींची ध्वनिमुद्रणे आणि घरी रचल्या-गायल्या जाणाऱ्या गीतांची मुद्रणे यांचाही या परंपरेत समावेश होतो. जुने नाट्यसंगीत, भावगीत व ख्यालगायन यांचा जो भाग आज ऐकायला मिळतो, त्यातील बराच कंपन्यांच्या गोदामांतून नव्हे तर अशा संग्राहकांच्या कपाटांतून आलेला आहे.

पार्श्वभूमी

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा आरंभ नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग यांनी तेथे गौहर जान व इतर कलावंतांचे गायन मुद्रित केले. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील तंत्रज्ञांना भाषा कळत नसल्याने गायक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारून सांगत. संग्राहकांच्या दृष्टीने ही सवय फार उपकारक ठरली, कारण वरचा कागद फाटलेल्या तबकडीचीही ओळख त्यामुळे पटते. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना सुरू झाला. तबकडीला लागणारी लाख भारतातूनच युरोपात जात असे. तीच लाख तोवर गाणे होऊन परत येत होती.

७८ फेऱ्यांच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटांचे गायन मावे. संगीत नाटकांच्या रंगभूमीवर ‘वन्समोअर’ घेत एकेक पद दीर्घकाळ रंगत असे. ‘मानापमान’ (१९११) किंवा ‘स्वयंवर’ (१९१६) यांतील पदे तबकडीसाठी गाताना बालगंधर्वांसारख्या नटाला आलापी व ताना आटोपशीर कराव्या लागल्या. त्यामुळे तबकडीवर मिळते ते रंगभूमीवरचे गाणे नव्हे, त्याचा नेमका अर्क असतो. १९२५ पर्यंत मुद्रण कर्ण्यात तोंड घालून होत असे. चढ्या, टोकदार आवाजांना ते मानवे. तंबोरा जवळजवळ ऐकूच येत नसे. त्यानंतर विद्युत ध्वनिग्रहण रूढ झाले आणि हळुवार गळ्याने गाणेही मुद्रित होऊ लागले.

याच तीन मिनिटांनी मराठीला भावगीत हा प्रकार दिला असे म्हणण्यास आधार आहे. विदर्भातील गायक जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी ना. घ. देशपांडे यांच्या कवितेची तबकडी दिली व ती कमालीची लोकप्रिय झाली. जोशी पुढे ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीत अधिकारी झाले आणि अनेक श्रेष्ठ गायकांची मुद्रणे त्यांच्या देखरेखीखाली झाली. त्यांचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे आठवणींचे पुस्तक संग्राहकांच्या नित्य वापरात असते.

न मुद्रित झालेले आवाज

संग्राहकांच्या चर्चेत असलेल्या मुद्रिकांइतकेच नसलेल्या मुद्रिकांना महत्त्व असते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी ध्वनिमुद्रणाला नकार दिला. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी ‘स्वयंवर’च्या चाली दिल्या, बालगंधर्व व मास्टर कृष्णराव यांना घडवले, पण त्यांचाही आवाज उपलब्ध नाही. दोघांचे गायन केवळ शिष्यांच्या तबकड्यांवरून अनुमानाने जाणावे लागते.

अल्लादिया खाँ यांच्या शिष्या, गोव्यातील केरी येथील केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांनीही मोजकीच मुद्रणे दिली. त्यांपैकी भैरवीची एक चीज अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ अंतराळयानांवरील सुवर्णतबकडीत १९७७ मध्ये समाविष्ट झाली. ही मुद्रिका तेव्हा बाजारात मिळेनाशी झाली होती. निवड समितीला तिच्या प्रती न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात सापडल्या. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि केसरबाईंचे त्याच महिन्यात निधन झाले. पृथ्वीबाहेर पाठवण्याइतकी मोलाची मानलेली तबकडी पृथ्वीवर शोधावी लागली, यात या संपूर्ण विषयाची अडचण दिसते.

यंग इंडिया

मुंबईत वडाळा येथे नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी होती. तिने १९३५ पासून सुमारे दोन दशके ‘यंग इंडिया’ या नावाने तबकड्या काढल्या. मोठ्या कंपनीशी करारबद्ध असलेले नामवंत गायक तिला मिळणे कठीण होते. म्हणून तिने नवोदित व हौशी कलावंतांना संधी दिली. या तबकड्यांच्या प्रती कमी निघाल्या आणि कंपनी बंद पडल्यावर त्यांचे पुनर्मुद्रण करणारा वारस उरला नाही. त्यामुळे ज्यांची नावे संगीताच्या इतिहासात कोठेही आढळत नाहीत अशा अनेकांचा एकमेव पुरावा म्हणजे एखाद्या संग्राहकाकडील एखादी प्रत. ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दफ्तरांसाठीच्या योजनेखाली या तबकड्यांचे अंकीकरण हाती घेण्यात आले.

संग्राहक आणि त्यांची संघटना

१९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ सुरेश चांदवणकर हे तिचे मानद सचिव होत. एकत्र जमून तबकड्या ऐकणे, कलावंतनिहाय सूची करणे आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढणे असे संस्थेच्या कामाचे स्वरूप राहिले. अशा श्रवणसभांत वाद होतो तो बहुधा गाण्याच्या दर्जावर नव्हे. सारंगी कोणाची, मुद्रण कोणत्या वर्षीचे, सुईच्या शेवटच्या वळणाजवळ कोरलेला साचा-क्रमांक काय, हे प्रश्न तासन्‌तास चालतात. बाहेरच्याला हा छंदिष्टपणा वाटतो. परंतु तारखा निश्चित झाल्या आहेत त्या याच वादांतून.

तबकड्या मिळण्याची ठिकाणे ठरलेली असतात: मुंबईतील चोर बाजार, पुण्यातील बुधवार-रविवारचा जुना बाजार, वाडे पाडताना निघालेले माळ्यावरचे सामान, रद्दीवाले. घरातील ज्येष्ठ गेल्यावर पुढील पिढी फोनो ठेवते, कारण तो शोभेचा. तबकड्या जड आणि ठिसूळ म्हणून आधी बाहेर पडतात.

जतनातील तांत्रिक प्रश्नांपैकी वेगाचा प्रश्न सर्वात नाजूक आहे. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असे नाही. वेग सुमारे ६ टक्क्यांनी वाढला की काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आवाज किशोरवयीन भासतो आणि तानेची गती फसवी होते. हार्मोनियमची पट्टी, गायकाचे वय व त्याच्या इतर मुद्रिका यांचा ताळा घालून वेग ठरवावा लागतो. ज्या रूपांतरांत ही काळजी घेतलेली नाही, त्यांवरून एखाद्याच्या गायकीविषयी मत बनवणे धोक्याचे असते.

घरगुती मुद्रणे

१९५० च्या दशकानंतर स्पूल टेपरेकॉर्डर मोजक्या घरांत आले. तीन मिनिटांची अट त्याबरोबर सुटली. रसिकांच्या दिवाणखान्यात झालेल्या मैफली पूर्ण लांबीने टिपल्या जाऊ लागल्या आणि त्यांच्या प्रती हातोहात फिरल्या. अशा फितींवर गायकाचे बोलणे, मध्येच आलेला चहा, दाद, रस्त्यावरचा आवाज असे सारे असते. अनेक अभ्यासक कंपनीच्या मुद्रिकेपेक्षा त्यांना अधिक विश्वसनीय मानतात. कलावंताच्या संमतीचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा अनुत्तरित राहिलेला आहे.

घरोघरी टेपरेकॉर्डर नसण्याचा परिणाम ‘गीतरामायणा’त दिसतो. ग. दि. माडगूळकर यांची ५६ गीते सुधीर फडके यांच्या संगीतात १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली, तेव्हा त्यांत माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे आदी अनेकांचे स्वर होते. नंतरच्या तबकड्या फडके यांच्या एकट्याच्या आवाजात आहेत व जनमानसात तेच रूप दृढ झाले.

ओव्या: तबकडीबाहेरचे गाणे

दळताना रचलेली ओवी कधी विक्रीची वस्तू नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातील समाजशास्त्रीय संशोधन केंद्रामार्फत १९८० च्या दशकात मुळशी, मावळ व अन्य भागांतील स्त्रियांच्या ओव्या उतरवून घेण्यास आरंभ केला. पुढे संगणकीय संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रण झाले. या संकलनात १ लाखाहून अधिक ओव्या असून २०१७ पासून त्या ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संस्थेतर्फे गायिका व गाव यांच्या नावानिशी प्रसिद्ध होत आहेत. ‘यंग इंडिया’च्या कित्येक गायकांना न लाभलेली ओळख येथे दळणाऱ्या बाईला मिळाली आहे.

संकलन सुरू झाले तेव्हाच विजेच्या गिरणीने जाते कोपऱ्यात गेले होते. पिंपरी-चिंचवडच्या कडेची गावे तर पुढे शहरातच सामावली. देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान इंद्रायणीकाठी असलेली चिखली १९९७ मध्ये महानगरपालिकेत आली. ओव्यांतून सतत येणारी तुकोबा-ज्ञानोबांची ही वाट आज कारखान्यांच्या व गृहसंकुलांच्या मधून जाते. महापालिकेने चिखलीत उभारलेल्या तुकाराम महाराज संतपीठामुळे संतपरंपरेच्या शिक्षणाची तेथे सोय झाली. अभंग-कीर्तनाला गुरू, वही आणि मंडळ असते. ओवीला जाते हाच आधार होता आणि तो गेल्यावर ती शिकवण्याची जागा उरली नाही.

संग्रहातील असमतोल

संग्राहक बहुतांशी शहरी, नाट्यसंगीत व ख्यालावर वाढलेले असल्याने त्या प्रकारांच्या सूची बारकाईने झाल्या. १९८० च्या दशकातील कॅसेटींची तशी दखल घेतली गेली नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या कवींची भीमगीते आणि प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे गायन या स्वस्त माध्यमातून लाखो घरांत पोहोचले. दीक्षाभूमी व चैत्यभूमीच्या गर्दीत या कॅसेटींची दुकाने लागत. तबकडीवर ओरखडा पडला तरी ती वाजते, कॅसेटची फीत मात्र बुरशी धरते, चिकटते आणि एकदा अडकली की तुटते. म्हणजे वयाने लहान असलेला हा ठेवा आधी नष्ट होण्याचा संभव अधिक आहे, आणि त्याला संग्राहक सर्वात कमी आहेत.

कायदेशीर स्थिती

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे राहतो. शब्द व चाल यांवरील हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे चालू असतो. माडगूळकर १९७७ मध्ये वारले. त्यामुळे १९५० च्या दशकातील एखादे मुद्रण मुक्त झाले असले तरी त्यातील त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. हौशी संग्राहकांनी अंकीकरण करूनही खुले न केलेल्या सामग्रीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

संस्थात्मक संग्रह

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीतशास्त्रविषयक संग्रहालय १९८२ मध्ये पुण्यात सुरू झाले व नंतर दिल्ली परिसरात हलवले गेले. मुंबईतील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र (एनसीपीए) आणि आकाशवाणी यांच्याकडेही मोठा ठेवा आहे. गीतांचे शब्द व कवी-संगीतकार-गायक यांची माहिती ‘आठवणीतली गाणी’ या मराठी संकेतस्थळावर संकलित केलेली आढळते.